धरा, सोडा

३ ऑक्टोबर १९४४

आज मी हरणाला मारलं. पोटऱ्यांवर, लाठीनं, तीन वेळा. सतरा मुलींसमोर.

कवायत चालू होती. मी 'जागेवर उड्या' म्हटलं की ही रांग सोडून बाभळीमागे निघते. सलग तिसरा दिवस. ओरडले, "हरणा, जागेवर!" थांबली नाही. धावत जाऊन गाठलं आणि मारलं. रडली नाही ती. मांडीला मांडी आवळून तशीच उभी राहिली. मग पांढऱ्या लुगड्यावर डाग पसरत गेला. पायाखालची माती काळी झाली.

मुली हसल्या. सगळ्या नाही. पण हसल्या.

पथकाला पांढरीच खादी पाहिजे, हा हट्ट माझा!

४ ऑक्टोबर

हरणा आली नाही.

आई चुलीत घालण्याआधी प्रत्येक लाकूड झटकते. एखादी मुंगी जळेल म्हणून. पाण्याला गाळणं लावते. त्या आईची मुलगी, घरातली पहिली बी. ए., या गावच्या मुलींच्या शाळेवर पाच महिने झाले नाहीत तोवर एका मुलीला गुरासारखी बडवते. पथक कशासाठी काढलं मी? मुलींनी मान वर करावी म्हणून. खो-खो, धावणं, लाठी. लाठी कुणी उगारली तर अडवायची कशी ते शिकवायला! आणि पहिली लाठी उगारली ती मीच.

५ ऑक्टोबर

शाळा सुटल्यावर हरणाच्या घरी गेले. तिच्या आईनं, बनुबाईनं, उंबऱ्यातच अडवलं. "आनि काय मारायचं ऱ्हायलंय, बाई? सासरनं मारून धाडली. आता साळंनं मारा. आमची कातडी काय मऊच लागती समद्यांस्नी."

मी खालीच बसले, पायरीवर. माफ करा म्हटलं. बनुबाईला ते ऐकायची सवय नव्हती. ती गोंधळून आत गेली आणि हरणा बाहेर आली.

"म्या मुद्दाम न्हाई करत, बाई. उडी मारली की जातं. शिंकलं की जातं. धावताना पयल्या धा ढांगा बऱ्या जात्यात, मग पाझराय लागतं. म्हून सकाळधरनं पानीच पीत न्हाई मी."

म्हणून गेल्या महिन्यात मैदानात चक्कर येऊन पडली होती!

मग सगळं सांगितलं. एकोणीस वर्षांची आहे. सोळाव्या वर्षी मूल. तीन दिवस, तीन रात्री कळा. सुईणीनं गुडघा टेकवून ओढून काढलं, ते मेलेलं. तेव्हापासून हे. नवरा आकाराम, येरळा नदीपलीकडच्या गावात बरी बागायत असलेला. अंथरूण ओलं झालं की आधी चाबूक. मग चाबूक पुरेना म्हणून जुवाची शिवळ, जाड लाकडी खुंटी. मग गोठ्यात निजवायला लागला. "म्हनायचा, गुरं बरी तुझ्यापरास, ती उभी ऱ्हाऊन सांगून तर मुतत्यात." शेवटी एका सकाळी ओली वाकळ तिच्या डोक्यावर टाकली आणि वेशीपर्यंत हाकत नेली. मागं पोरं थाळी वाजवत.

हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. हलला तो नंतर. "मला पळता येतं, बाई. तेवढंच माझं हाय. ते काढून घिऊ नगा."

६ ऑक्टोबर

लिहूनच टाकते. या वहीशी खोटं बोलून काय मिळणार?

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला लांब उडीच्या सामन्यात माझंही झालं होतं. वाळूत पाय आदळले आणि गेलं. थोडंसंच. मी पाय मुरगळल्याचं नाटक केलं आणि बसून राहिले, सगळ्या जाईपर्यंत. नंबर गेला. कुणालाही सांगितलं नाही. मला मूल नाही, लग्न नाही, तरी झालं.

म्हणजे हरणा बाभळीमागे का जाते ते मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. म्हणूनच एवढ्या जोरात मारलं का?

९ ऑक्टोबर

मी जिच्याकडे राहते त्या रंगूबाईला विचारलं. तिनं या गावात साठ-सत्तर बाळंतपणं केली आहेत. ती तंबाखू मळत म्हणाली, "त्येला काय विचारतीस? बाईमानसाला व्हतंच. धा पोरं झालेल्या बाईला हसवून बघ, मग कळंल!"

"पण उपाय काय?"

"उपाय? हसायचं न्हाई."

२१ ऑक्टोबर

दिवाळीला घरी जाऊन आले. आण्णा म्हणाले, तिकडे रोज झडत्या, गोळ्या, तू संस्थानातल्या शाळेत ये, सांगलीत सुखानं नोकरी कर. नाही म्हटलं. आईनं डबा भरून दिला.

सांगलीत एस्तेरबाईंना भेटले. मिशनमध्ये शिकलेल्या नर्स. आता घरीच बायकांना तपासतात. मी 'माझ्या एका मैत्रिणीला' असं सुरू केलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मैत्रीण उड्या मारते का?" मी लाल झाले असणार.

त्या म्हणाल्या, पोटाच्या तळाशी मांसाची एक झोळी असते. सगळं तिच्यावर टेकलेलं. बाळंतपणात ती ताणते, फाटते. रोज आदळआपट केली तर न बाळंत झालेल्या पोरीचीही ढिली पडते. ती झोळी म्हणजे दंडासारखाच स्नायू. दंड कमावता येतो, तर हीही कमावता येते! त्यांना कुणा मडमेनं शिकवलेलं. लघवी मधेच अडवताना जे आवळतं, तेच आवळायचं. पोट नाही, मांड्या नाही, श्वास कोंडायचा नाही. पाच आकडे धरायचं, पाच आकडे सोडायचं. दिवसातून तीन वेळा, वीस-वीस. आणि पाणी भरपूर प्यायचं. तीन महिने तरी.

मी वहीत लिहून घेतलं. त्यांनी वही ओढून वाचली आणि बोट ठेवलं. "सोडायचं लिहिलं नाहीस. सगळ्या हेच विसरतात. मूठ कायम आवळून ठेवलीस तर त्या हातानं काम होईल का? आपल्या मर्जीनं धरता आलं पाहिजे, आणि आपल्या मर्जीनं सोडता आलं पाहिजे. एक आलं आणि दुसरं नाही, तर काहीच आलं नाही."

२३ ऑक्टोबर

हरणाला खोलीवर बोलावून शिकवलं. तिला कळेचना काय आवळायचं. मला सांगता येईना. दोघी उकिडव्या बसलेल्या, श्वास कोंडून लाल. रंगूबाई चुलीपुढून ऐकत होती. ती उठून आली. "काय गं ही शिकल्याली मानसं! घोडी लीद टाकल्यावर काय करती, बगितलंस न्हवं? मागनं कशी आवळती, सोडती, आवळती, सोडती? तसं कर. फकस्त म्होरनं."

हरणाला एका क्षणात कळलं. मलाही.

२८ ऑक्टोबर

आज पथकासमोर मी बोलले. लांब उडीचं सांगितलं. पाय मुरगळल्याचं नाटकसुद्धा. मग विचारलं, आणखी कुणाला होतं? कुणीच नाही. मग एक हात. मग एक. अठरांत सात! त्यांतल्या दोघी त्या दिवशी हसणाऱ्या होत्या.

उद्यापासून कवायतीत नवा हुकूम. मी म्हणणार, "धरा!" पाच मोजणार. "सोडा!" पाच मोजणार. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल बाई पोरींना लाठी धरायला शिकवते.

पांढरी खादी बंद. गडद निळी.

१२ नोव्हेंबर

पोलीस आले. सकाळी, दोन लॉऱ्या. भूमिगत लोकांना भाकरी कोण देतं ते सांगा म्हणून चावडीपुढं माणसं उपडी पाडली. पट्ट्याच्या पितळी टोकानं मारत होते. सुताराचा उजवा हात बुटाखाली धरला आणि फौजदारानं त्याच्यावर टाच फिरवली. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज. सुतार ओरडला नाही, 'आई' एवढंच म्हणाला, अगदी हळू. मी शाळेचं दार लावून मुलींना पाढे म्हणायला लावले. मोठ्यानं! बे चोक आठ आणि बाहेर तो आवाज.

शाळेची झाडलोट हरणाकडे असते, ती वर्गाच्या मागं झाडत होती. बघितलं तर नाही.

दुपारी परत आली. पायांत काटे, गुडघे फुटलेले. चार मैलांवरच्या घळीत लालासाहेब आणि त्यांचे लोक होते. पूर्वी पलटणीत हवालदार होते, आता या भागातल्या भूमिगतांचे म्होरके. तिनं त्यांना जाऊन सांगितलं. लॉऱ्या तिथं पोचल्या तेव्हा चुलीतली राख गरम होती, माणूस एकही नव्हता.

मला म्हणाली, "अर्ध्या वाटंपर्यंत थेंब न्हाई, बाई. वढा उडून गेले तवा गेलं. पर अर्धी वाट!"

सुताराची तीन बोटं गेली आणि मी आनंदानं रडले. कसली मी!

३ डिसेंबर

धरा. सोडा. धरा. सोडा. रंगूबाईसुद्धा जात्यावर बसून करते. म्हणते, "ह्या वयात आवळून काय करायचंय, पर करती."

१६ जानेवारी १९४५

सांगलीला मुलींचे सामने झाले. खो-खो. सात मिनिटं हरणा पाटीवर उकिडवी बसलेली. पाठीवर थाप पडली की बाणासारखी उठायची. पूर्वी नेमकं त्या उठण्यातच जायचं. आज एकोणीस वेळा उठली, दोनदा जमिनीवर झेप टाकून गडी मारला, कोपर सोलून मांस दिसलं. एक टोळकं ओरडत होतं, "काष्टा सुटला गं!" तिनं बघितलंही नाही.

जिंकलो.

विहिरीवर नेऊन तिनं मला लुगडं दाखवलं. मागनं, पुढनं. कोरडं! सकाळपासून तीन तांबे पाणी प्यायली होती. मुद्दाम!

११ फेब्रुवारी

आकाराम आला होता. सांगलीच्या बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं, तुझी बायको हजार माणसांत काष्टा मारून पळत होती. हरणा विहिरीवर एकटीच धुणं धूत होती. त्यानं केस धरून तिचं तोंड दगडावर आपटलं. दोनदा. पुढचे दोन दात गेले. मग चाबूक. आम्ही पोचलो तोवर तो सायकलवर बसून निघाला होता. शांतपणे! पुसत होता चाबूक, धोतराला.

विहिरीच्या पायरीवर रक्त आणि साबणाचा फेस.

मी दगड उचलून मारला. लागला नाही. लागला असता तर बरं, असं अजून वाटतंय. आईनं शिकवलेला णमोकार मंत्र म्हणायला बसले. दुसऱ्या ओळीलाच उठले.

१२ फेब्रुवारी

इंग्रजांच्या कचेरीत जायची सोय नाही, आणि इच्छाही नाही. आपल्या भूमिगतांचं न्यायमंडळ आहे. त्यांनी सावकाराला वठणीवर आणलं, दारूच्या भट्ट्या फोडल्या, टाकलेल्या चार बायका परत नांदायला लावल्या. हे आपलं राज्य आहे, उद्याचं! मी चार पानी तक्रार लिहिली. चांगली भाषा साधली आहे. लालासाहेबांचा निरोप आला: पोरीनं मला वाचवलं. तिला न्याय मिळंल.

१८ फेब्रुवारी

आज न्याय मिळाला. सगळं लिहिलंच पाहिजे.

ओढ्याकाठची आंबराई, भर दुपार, झाडांवर पाळतीला माणसं. साठ-सत्तर लोक. आकारामला दोरानं बांधून आणलेलं. लालासाहेब घोंगडीवर बसलेले. हरणा बायकांत, पदर तोंडावर धरून.

"का रं आकाराम, बायकू टाकलीस ती टाकलीस, वर येऊन तिचं दात पाडलंस. का?"

तो म्हणाला, "मुतती, सायेब."

हसू फुटलं.

"हातरुनात मुतती. भाकरी वाढता वाढता मुतती. पै-पावण्यात मुतती. नांदवायची कशी? तुमी नांदवाल का?"

माणसं गुडघ्यावर थापा मारून हसत होती. हरणाची मान खाली खाली चालली होती. माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. मी उठून उभी राहिले. बोलणारी एकटी बाई, सत्तर माणसांत.

म्हणाले, "ती बरी झाली आहे! तो आजार होता, पाप नव्हतं. तीन महिने रोज साठ वेळा तिनं कवायत केली. आता चार मैल पळते, थेंब नाही. सांगलीचा सामना खेळली, थेंब नाही. या माणसाला तक्रारीला जागाच राहिलेली नाही!"

हसणं थांबलं. मला केवढा अभिमान वाटला त्या क्षणी!

लालासाहेब म्हणाले, "मंजी बाई, आता पोरीत काय दोष न्हाई?"

"अजिबात नाही!"

"नक्की?"

"नक्की."

ते आकारामकडे वळले. "ऐकलंस न्हवं? माल दुरुस्त झालाय. आता तुला कारन न्हाई." मग निकाल. मारल्याबद्दल पायाच्या तळव्यांवर पंधरा काठ्या. टाकल्याबद्दल, आजच्या आज बायको घरी न्यायची आणि नांदवायची. महिन्यानं मंडळ स्वतः येऊन बघणार.

मी म्हटलं, "पण तिला—"

"बाई, तुमच्याच तोंडचं हाय."

आकारामला उताणा पाडला. घोटे एका लाकडाला बांधून दोघांनी वर उचलले. ओल्या निरगुडीच्या काठ्या. पहिल्या तीन काठ्यांना तो शिव्या देत होता. चौथीपासून जनावरासारखा आवाज. तळवे आधी पांढरे, मग लाल, मग काही रंगच नाही. मी मोजत होते. सातव्या काठीला मला आत कुठंतरी गोड वाटलं. अकराव्या काठीला मी मनात म्हणाले, अजून जोरात. मी म्हणाले हे! आईचं गाळणं, आईचं लाकूड झटकणं, सगळं त्या अकराव्या काठीखाली गेलं.

त्याला बैलगाडीत घातलं. हरणाला गाडीमागं चालायला सांगितलं. बनुबाई छाती पिटत होती. मी गाडीपर्यंत पळत गेले. काय बोलणार होते देव जाणे.

हरणानं पदर काढला. दातांच्या जागी काळं भोक. रागावली नव्हती. "मला कुनीच इचारलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "तुमी बी न्हाई."

१९ फेब्रुवारी

खरंच नाही विचारलं. चार पानं लिहिली, आणि तिला एकदाही विचारलं नाही की तुला काय पाहिजे.

२२ फेब्रुवारी

ज्या माणसाचे पाय तिच्यामुळे फुटले, त्याच्याच घरात तिला बांधून ठेवलं. याला मी न्याय म्हणत होते.

कवायतीत 'धरा' म्हटलं आणि 'सोडा' म्हणायला विसरले. मुली आवळून उभ्याच.

४ मार्च

रंगूबाईला घेऊन येरळेपलीकडे गेले. सात मैल. आधी शेजारणीकडे, शालूबाईकडे थांबलो. तिनं सांगितलं ते लिहिते आहे.

आकारामला अजून धड चालता येत नाही. सकाळी तो अंगणात बाजेवर बसतो, पाय फडक्यांत गुंडाळलेले, हातात चाबूक. हरणाला तीन तांबे पाणी प्यायला लावतो. मग डोक्यावर भरली घागर देऊन उड्या मारायला सांगतो. गल्लीतली पोरं जमतात. "धा उड्या, वीस उड्या. एक थेंब पडला न्हाई अजून," शालूबाई म्हणाली. "आनि पडत न्हाई म्हून मारतोय. त्येला पडाय पायजे! मंडळाला दावायचं हाय, मास्तरीन खोटी बोलली म्हून. पोरगी इरेला पेटलीय. मरंल, पर पाडायची न्हाई."

हरणा गोठ्यात होती. उजव्या हाताची करंगळी वाकडी सुजलेली. पाठ बघितली मी. नाही लिहिता येत.

"चल," मी म्हटलं. "आत्ता चल. मंडळ गेलं खड्ड्यात. आणि मी विचारते आहे, हरणा. येतेस का?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. "आत्ता आले तर दोन्हीकडनं मारत्याल. ह्यो बी आनि मंडळ बी. मला परत आनून घालत्याल, आनि माझ्या आयला बी बडवत्याल. म्हैना भरू द्या. लालासाहेब येतील तवा तुमी बी या."

"तोवर हा तुला मारून टाकेल!"

"न्हाई मरत," ती म्हणाली. मग विचारलं, "ती नर्सबाई काय म्हनली हुती, बाई? सोडायचं बी यायला पायजे, आसंच न्हवं?"

वाटलं, पोर भ्रमिष्ट झाली.

परतताना रंगूबाई म्हणाली, "त्येच्या भाकरीत काय घालायचं ते मला ठावं हाय. सांग फकस्त." मी नाही म्हणायला एक मैल घेतला.

१० मार्च

लाठीचा सराव स्वतःच करते, एकटी. रोज त्याचं डोकं फोडते. रोज.

१८ मार्च

संपलं सगळं.

लालासाहेब आणि मंडळाचे चौघे सकाळीच आले. मी आणि बनुबाईही. आकाराम काठी टेकत पुढं आला. हात जोडले, वाकला, गोड बोलला. "सायेब, तुमी सांगितलं तसं नांदवतोय. पर आपल्या डोळ्यांनी एकदा बगून घ्या, बाईनं काय खरं सांगितलं आनि काय खोटं."

लालासाहेबांना नको होतं ते. पण सगळं गाव अंगणात लोटलेलं. त्यांनी मान हलवली.

हरणा घागर घेऊन उभी राहिली. हाडं निघालेली. एक उडी. दुसरी. तिसरी. मी मुठी आवळून म्हणत होते, धर, हरणा, धर! सातवी. आठवी. थेंब नाही. माझी मान वर व्हायला लागली.

मग तिनं घागर खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. पाय जरा फाकवून उभी राहिली, आणि लुगड्यातून धार लागली. थेंब नव्हे, धार! थांबेचना. पायांवरून मातीत, मातीतून ओघळ लालासाहेबांच्या जोड्यापर्यंत.

आकाराम टाळ्या पिटत नाचला. त्या फुटक्या पायांवर नाचला! "बगा! बगा सायेब! ही नांदवू? ही?" बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. पोरांनी थाळी आणली होतीच.

लालासाहेबांनी पाय मागं घेतला. थुंकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुमी मंडळापुढं खोटं बोललात व्हय?"



"हिला ठिवून घे म्हनन्यात अर्थ न्हाई," ते म्हणाले. "काडी मोड."

गवताची काडी दिली. आकारामनं ती सगळ्यांसमोर मोडली, नातं तुटलं. मंडळानं कागदावर अंगठे घेतले, पुन्हा दावा नाही म्हणून. आणि मग, निव्वळ आनंदानं, त्यानं हरणाच्या पाठीत शेवटचा चाबूक ओढला. कुणी अडवला नाही. मीही नाही. मी त्या ओल्या मातीकडे बघत होते.

सात मैल ती माझ्यापुढं चालली. ओल्या लुगड्यानं. बनुबाई रडत होती, मी रडत होते. मोडलं. मारून मारून तिथलंही मोडलं. तीन महिन्यांची मेहनत त्या माणसानं चाबकानं फोडली, आणि त्या घरात तिला माझ्या शब्दानं पाठवलं होतं.

राजीनामा लिहून ठेवला आहे.

१९ मार्च

मैदानावर माझ्याआधी हरणा आलेली. निळं लुगडं, पाठीवर आंबेहळदीचा लेप. म्हणाली, "खो द्या."

नको म्हटलं. ऐकेना. दिला. तीस वेळा उठली. मैदानाला चार फेऱ्या. माझ्यापुढं येऊन धापा टाकत उभी राहिली आणि लुगडं पसरून दाखवलं, त्या विहिरीवर दाखवलं तसं. मागनं, पुढनं.

कोरडं.

"त्येच्या एकट्याम्होरं सोडून उपेग नव्हता, बाई. मंडळानं त्येचं खरं मानलं नसतं. समद्यांच्या डोळ्यांदेखत पायजे हुतं."

मी तिचं लुगडं पुन्हा चाचपून बघितलं.

"काल धरता येत हुतं," ती म्हणाली. "सोडलं."